स्टार्व्ह्ड रॉक स्टेट पार्कला जाण्याआधी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना लागला, भारतातून आई-बाबा यायला लागले, की शिकागोच्या उपनगरांतल्या मराठी घरांत एक विषय हमखास निघतो: या वीकेंडला स्टार्व्ह्ड रॉकला जायचं का? मिलेनियम पार्क झालेलं असतं, ऑरोराचा बालाजी झालेला असतो, नायगारा लांब पडतो. मग नदीकाठचं हे स्टेट पार्क आठवतं. त्याबद्दलचे प्रश्न वर्षानुवर्षं तेच आहेत, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. त्यांत माझी मतंही आहेत. पटली नाहीत तर सोडून द्या.

हे नेमकं आहे कुठे, आणि तिथे बघायचं काय?

इलिनॉय राज्यातल्या लासाल काउंटीत, यूटिका नावाच्या छोट्या गावाजवळ, इलिनॉय नदीच्या दक्षिण काठावर. शिकागोपासून साधारण ९५ मैल नैर्ऋत्येला. १९११ साली ते स्टेट पार्क झालं आणि आज राज्यातल्या सगळ्या स्टेट पार्कांत सर्वांत जास्त माणसं इथेच येतात, वर्षाला वीस लाखांच्या वर.

इतकी माणसं का येतात ते रस्त्यातच कळतं. शिकागो मागे पडलं की दोन्ही बाजूंना फक्त मका आणि सोयाबीन, पार क्षितिजापर्यंत. जमिनीला कुठे उंचवटा म्हणून नाही. सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला अशा सपाटीत दोन वर्षं काढल्यावर साधी टेकडी दिसली तरी गहिवरून येतं. इथे तर वालुकाश्माचे उभे कडे आहेत, त्यांत शिरलेल्या १८ घळी आहेत, ओक आणि हिकरीचं रान आहे आणि त्यातून फिरणाऱ्या सुमारे १३ मैलांच्या पायवाटा आहेत. समोर नदी, नदीवर धरण आणि बार्ज (माल वाहणाऱ्या सपाट तळाच्या बोटी) वर-खाली करणारं लॉक. हिवाळ्यात गरुड येतात.

फोटोत धबधबे दिसतात, पण आम्ही गेलो तेव्हा सगळं कोरडं होतं. असं कसं?

सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच.

आपल्याकडे जुलैत माळशेजला किंवा आंबोलीला गेलं की धबधबा असणारच. आहे का म्हणून कुणी आधी चौकशी करत नाही. तीच खात्री घेऊन आपण इथे येतो. पण इलिनॉयला पावसाळा नावाचा वेगळा ऋतू नाही. पाऊस वर्षभर अधूनमधून पडतो, उन्हाळ्यात वादळी सरी येतात आणि मधले दहा-पंधरा दिवस कोरडेही जातात. शिवाय इथल्या बहुतेक घळींना पाणी पुरवणारा ओहोळ अगदी छोटा असतो. वरच्या रानातून आणि शेतांतून जे वाहून येईल तेवढंच. जोराचा पाऊस झाला की १८ पैकी १४ घळींत पाणी कोसळतं. चार-पाच दिवस कोरडे गेले की त्याच जागी शेवाळलेल्या भिंतीवरून थेंब ठिबकत असतात.

म्हणून धबधबाच हवा असेल तर कॅलेंडर बाजूला ठेवा आणि पाऊस बघा. हवामानाच्या ॲपवर यूटिका किंवा ओग्लेसबी टाका. आदल्या एक-दोन दिवसांत चांगला पाऊस झाला असेल आणि तुम्हाला रजा मिळत असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी निघा. महिनाभर आधी पक्का केलेला शनिवार आणि धबधबा यांची गाठ पडणं हा निव्वळ नशिबाचा भाग. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळत असतं आणि पाऊसही बरा असतो, त्यामुळे तेव्हा शक्यता सर्वांत जास्त. जुलैचा शेवट आणि ऑगस्ट सर्वांत वाईट, आणि नेमके तेव्हाच सगळे येतात.

त्यातल्या त्यात सेंट लुई कॅन्यन या घळीला झऱ्याचं पाणी असल्यामुळे तो बाकीच्यांपेक्षा जास्त दिवस तग धरतो. कोरड्या आठवड्यात जायची वेळ आलीच तर पाण्याची अपेक्षा तिथेच ठेवा.

मग कोणता महिना चांगला?

तुम्हाला काय बघायचंय त्यावर आहे. पाण्यासाठी मार्च ते मे, पानांच्या रंगांसाठी ऑक्टोबरचा मधला आणि शेवटचा आठवडा, गरुडांसाठी जानेवारी. मला विचाराल तर एप्रिलमधला मधल्या वारचा दिवस. झाडांना पानं आलेली नसतात म्हणून कड्यांचा पूर्ण आकार दिसतो, खाली रानफुलं उमलायला लागलेली असतात आणि डास अजून जागे झालेले नसतात.

जुलै-ऑगस्टची हवा दमट असते. ते दिवस मुंबईकरांना घरच्यासारखे वाटतील, पण घळीत वारा लागत नाही हे लक्षात ठेवा.

गर्दी खरंच एवढी असते का?

असते. मेमोरियल डे ते लेबर डे (मेअखेर ते सप्टेंबरची सुरुवात) या काळातले आणि ऑक्टोबरमधले शनिवार-रविवार म्हणजे दिवाळीच्या आधीची लक्ष्मी रोडवरची संध्याकाळ. पार्किंग भरलं की पार्क नव्या गाड्या आत घेणं थांबवतं. आतल्या काही बाहेर पडल्या की पुन्हा सोडतं. हे सकाळी दहा-अकरालाच घडू शकतं. रस्त्याच्या कडेला गवतात गाडी लावायचा मोह होईल. लावू नका, दंड होतो.

उपाय दोनच. एक, सकाळी नऊच्या आत पोचा, म्हणजे शिकागोच्या नेपरविल उपनगरातून साडेसातला तरी घर सोडा. चार कुटुंबं मिळून जाणार असाल तर ‘सगळे आले की निघू’ हा बेत सोडून द्या. ज्याने-त्याने आपापलं निघावं आणि तिथे भेटावं. दोन, मधल्या वारी जा. भारतातून आलेल्या आई-बाबांना शनिवार काय आणि बुधवार काय, सारखाच. अडचण आपल्या रजेची असते, आणि अशी एक रजा खर्च करण्यासारखी आहे.

कसं जायचं? गाडी नसेल तर?

आय-५५ महामार्गाने दक्षिणेला, मग आय-८० ने पश्चिमेला, एक्झिट ८१, तिथून राज्य मार्ग १७८ ने दक्षिणेकडे. यूटिका गाव ओलांडलं, नदीवरचा पूल संपला की डावीकडे मुख्य प्रवेश. नेपरविल-ऑरोराकडच्यांना सव्वा ते दीड तास, शिकागो शहरातून दोन तास धरा. आधी ऑरोराच्या बालाजीचं दर्शन घ्यायचं असेल तर तिथून राज्य मार्ग ४७ धरून योर्कविलमार्गे आय-८० गाठता येतो. रस्ता जरा लांबचा, पण सरळ.

सार्वजनिक वाहनाने इथे पोचण्याची सोय नाही म्हणूनच समजा. विद्यार्थी मंडळी चार-पाच जण मिळून भाड्याने गाडी घेतात, तेच परवडतं. टॅक्सीने येऊ नका. यायला मिळेल, परत जायला मिळेलच असं नाही.

तिकीट किती?

प्रवेशाला पैसे पडत नाहीत, पार्किंगलाही नाही. बऱ्याच राज्यांत स्टेट पार्कचा पास घ्यावा लागतो, इलिनॉयमध्ये ती प्रथा नाही. तरी निघण्याआधी राज्याच्या नैसर्गिक संसाधन खात्याच्या संकेतस्थळावर एक नजर टाका. शुल्कासाठी नव्हे, तर कोणती पायवाट बंद आहे ते कळण्यासाठी. नदीला पूर आला की काठाजवळच्या वाटा पाण्याखाली जातात आणि पायऱ्यांची दुरुस्तीही सतत कुठे ना कुठे चालू असते.

एका दिवसात काय काय होईल?

अठराच्या अठरा घळी एका दिवसात उरकायच्या असा पण करून येणारे असतात. करू नका, पाचव्या घळीनंतर सगळ्या सारख्याच वाटायला लागतात. निम्म्या दिवसासाठी हा बेत पुरे आहे.

व्हिजिटर सेंटरजवळ गाडी लावा. आधी खुद्द स्टार्व्ह्ड रॉकवर चढा. पायथ्यापासून तिसरा हिस्सा मैल, लाकडी पायऱ्या, वर नदीपासून १२५ फूट उंचीवर सपाट माथा. सकाळी तिथून धरण आणि समोरची बेटं स्वच्छ दिसतात. खाली उतरून फ्रेंच कॅन्यनला जा. सेंटरपासून सुमारे ०.४ मैल.

फ्रेंच कॅन्यनचं तोंड अरुंद आहे. आत शिरायचं तर ओहोळाच्या बाजूने तिरप्या खडकावर पाय रोवत चढावं लागतं. दगडात पावलापुरत्या खोबणी आहेत, वर्षानुवर्षांच्या वापराने गुळगुळीत झालेल्या, आणि त्यांतून पाणी वाहत असतं. पाच-सहा पावलांचाच प्रकार, पण इथेच सगळ्यांची रांग थबकते, कुणी बूट काढायचे का विचारतं, कुणी मागच्याच्या हातात फोन देतं. बूट काढू नका. ते चढून गेलात की समोर भिंती गोल वळतात आणि पाणी पायऱ्यापायऱ्यांवरून पंख्यासारखं पसरत उतरताना दिसतं. दुपारी बाराच्या सुमारास ऊन तळापर्यंत येतं. बाकी वेळ हिरवट अंधार.

तिथून काठाच्या वाटेने पुढे वाइल्डकॅट कॅन्यन, सेंटरपासून सुमारे एक मैल. इथला धबधबा पार्कमधल्या सर्वांत उंचांपैकी, ८० फुटांच्या आसपास. वरच्या सज्ज्यावरून बघायचा की खाली उतरून, ते पायांना विचारा. दम शिल्लक असेल तर आणखी मैलभर पुढे लासाल कॅन्यन. तिथे कडा पुढे झुकलेला असल्यामुळे धबधब्याच्या पाठीमागून चालत जाता येतं. पाणी असेल त्या दिवशी मी सगळं सोडून फक्त लासालला जाईन.

सेंट लुई कॅन्यन याच्या उलट दिशेला, पश्चिमेला आहे. सेंटरपासून दीड मैल चालत जाण्यापेक्षा राज्य मार्ग १७८ वर त्याचं वेगळं पार्किंग आहे, तिथून जा.

आई-बाबांचे गुडघे दुखतात. त्यांना जमेल का?

पार्कमध्ये पायऱ्या फार आहेत हे खरं, आणि त्या लाकडी असून काही ठिकाणी एका दमात संपत नाहीत. पण रायगडासारखी गत नाही. जागा नीट निवडली तर जमतं.

त्यांच्यासाठी पूर्वेकडचा भाग घ्या. राज्य मार्ग ७१ वर कौन्सिल ओव्हरहँग आणि ओटावा कॅन्यनकडे जाणाऱ्या वाटेचं पार्किंग आहे. तिथून दहा-पंधरा मिनिटांत, मानाने सपाट वाटेने, कौन्सिल ओव्हरहँगला पोचता येतं. डोक्यावर प्रचंड खडकाचं छत आणि खाली मऊ वाळूची जमीन. लेण्याद्रीच्या पायऱ्या चढायला नकार देणारे बाबाही इथे येतात आणि दगडाला हात लावून उभे राहतात. पुढे ओटावा आणि कास्कास्किया या दोन घळी लागूनच आहेत. मुख्य भागापेक्षा इथे गर्दीही कमी.

अजिबात चालवत नसेल तर गाडी थेट लॉजपर्यंत न्या. लॉज कड्याच्या माथ्यावर आहे, तिथल्या व्हरांड्यातून नदीचं खोरं दिसतं. व्हिजिटर सेंटरसमोरचा नदीकाठही सपाट आहे. एक करा: खाली उतरणं सोपं असतं म्हणून त्यांना उत्साहात खाली नेऊ नका. परतीचा चढ तेवढाच असतो.

आणि प्रवासी विम्याचा कागद गाडीत असू द्या.

लहान मुलं, स्ट्रोलर?

स्ट्रोलर घरी ठेवा. बाळ पाठीवर किंवा पोटाशी बांधा. चार वर्षांच्या पुढची मुलं इथे आपल्यापेक्षा तुरुतुरु चालतात. त्यांचा हात फक्त कड्यावरच्या सज्ज्यांजवळ सोडू नका. कठड्यांच्या फटी लहान मुलांचा विचार करून ठेवलेल्या नाहीत.

नदीत पाय बुडवता येतील का?

नाही. पोहायलाच नव्हे, पाण्यात उतरायलाही बंदी आहे. धरणाजवळ पाणी वरून संथ दिसतं आणि खाली ओढ जबरदस्त असते.

हा प्रश्न आपल्याकडच्या ज्येष्ठांचा असतो आणि त्यामागे नदी दिसली की ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायची सवय असते. त्यांना एक गोष्ट अवश्य सांगा. शिकागो नदी पूर्वी लेक मिशिगनला मिळत असे. शहराची घाण त्याच तळ्यात जायची आणि पिण्याचं पाणीही त्याच तळ्यातून यायचं. मग शहराने कालवा खणून नदीचा प्रवाहच उलटा फिरवला. १९०० साली तो कालवा सुरू झाला. तेव्हापासून शिकागोचं सांडपाणी, आता अर्थातच शुद्धीकरण होऊन, डे प्लेन्स नदीतून इलिनॉय नदीत येतं, या कड्यांखालून जातं आणि पुढे मिसिसिपीला मिळतं. म्हणजे आपण नेपरविलात भांडी घासली तर ते पाणीही वळसे घेत इथूनच पुढे जाणार. तीर्थ म्हणून घेऊ नका, इतकंच.

पाणी जवळून बघायचंच असेल तर पूल ओलांडून उत्तर काठावर जा, तिथे लॉकशेजारी इलिनॉय वॉटरवे व्हिजिटर सेंटर आहे. ११० फूट रुंद आणि ६०० फूट लांब असं ते लॉक. मक्याने किंवा खडीने भरलेल्या बार्जांचा तांडा आत शिरतो, दोन्ही बाजूंना हाताएवढी जागा उरते, मग दार बंद होतं आणि अख्खा तांडा हळूहळू खाली बसायला लागतो. मुलं खिळून राहतात. घळींपेक्षा हेच जास्त आवडलं म्हणणारी मुलंही असतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

इथला दगड आपल्या सह्याद्रीसारखा का नाही? चढायला चालतो का?

सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्ह्यापासून झाला, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी. इथला सेंट पीटर वालुकाश्म त्याहून कितीतरी जुना, सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्राकाठची वाळू घट्ट होऊन बनलेला. हिमयुगाच्या अखेरीस, साधारण १४ ते १९ हजार वर्षांपूर्वी, वितळत्या हिमनद्यांचं अडलेलं पाणी फुटून या खोऱ्यातून महापूर गेले. नदीचं पात्र त्यांनी खोल कापलं आणि बाजूच्या ओहोळांनी मग या घळी कोरल्या.

ही वाळू जवळपास शुद्ध क्वार्ट्‌झ आहे. शेजारच्या ओटावा गावात ती काचेसाठी काढली जाते. सिव्हिल इंजिनिअरिंग केलेल्यांनी सिमेंटच्या चाचणीसाठी एन्नोरची प्रमाणित वाळू वापरली असेल. अमेरिकेत त्या कामाला ओटावाची वाळू असते, ती याच थरातली.

चढण्याबद्दल: चढू नका, बंदी आहे आणि कारण दगडातच आहे. बोटाने घासलं तरी कण सुटतात. बेसॉल्टवर जशी बोटं रुततात आणि धरून ठेवतात, तसा हा धरत नाही. वर कोरडी वाळू बॉल-बेअरिंगसारखी गडगडते. इथले बहुतेक गंभीर अपघात वाट सोडून कड्याच्या टोकाला गेल्यामुळे होतात. ‘आम्ही हरिश्चंद्रगड केलाय’ हे पालुपद इथे कामाचं नाही.

दगड मऊ असल्यामुळे नावं कोरणाऱ्यांचंही फावतं. बदाम आणि बाण ही कला फक्त आपल्या किल्ल्यांवरच आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी इथल्या भिंती बघाव्यात. देवनागरीत नाव सापडू नये एवढी इच्छा.

‘स्टार्व्ह्ड रॉक’ हे नाव कशावरून? खरंच तिथे लोक उपाशी मेले?

कथा अशी. ओटावा या मूळ अमेरिकन जमातीचा मोठा नेता पाँटियाक १७६९ मध्ये मारला गेला, मारणारा इलिनॉय समूहातल्या पिओरिया जमातीचा होता. सूड म्हणून ओटावा आणि पोटावाटोमी योद्ध्यांनी इलिनॉय लोकांचा पाठलाग केला. इलिनॉय लोक या खडकावर चढून बसले. वेढा पडला, अन्न संपलं, खाली नदी दिसत असूनही पाणी मिळेना आणि सगळे उपासमारीने मेले.

खडकावर उभं राहिलं की ही कथा पटते. तिन्ही बाजूंनी तुटलेला कडा, चढायला एकच वाट. बालेकिल्ला आणि रसद यांचं गणित आपल्याला शिकवावं लागत नाही. पण इतिहासकार या कथेवर सहसा विश्वास ठेवत नाहीत. त्या काळातला पुरावा नाही, ती बऱ्याच नंतर सांगोवांगी पसरली. आणि ‘सगळे संपले’ हे तर सरळच चूक आहे. इलिनॉय समूहातल्या जमातींचे वंशज आजही आहेत. त्यांना एकोणिसाव्या शतकात पश्चिमेकडे हटवलं गेलं आणि त्यांची पिओरिया ट्राइब आता ओक्लाहोमा राज्यात आहे. राज्याचं नाव त्यांचं, नदीचं नाव त्यांचं, आणि ते मात्र शेकडो मैल दूर. वेढ्याच्या दंतकथेपेक्षा मला ही गोष्ट जास्त लागते. पाटीवर मात्र दंतकथाच भाव खाऊन जाते.

पुराव्यानिशी जे माहीत आहे तेही कमी रोचक नाही. खडकासमोर, नदीच्या उत्तर काठावर, कास्कास्किया लोकांचं मोठं गाव होतं. १६७३ साली, म्हणजे शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या आदल्या वर्षी, जोलिए आणि मार्केत हे दोन फ्रेंच प्रवासी होडीतून तिथे पोचले. पुढे १६८२-८३ च्या हिवाळ्यात ला साल आणि टोंटी यांनी या खडकाच्या माथ्यावर सेंट लुई नावाचा किल्ला बांधला. तिकडे संभाजी महाराज औरंगजेबाशी झुंजत होते, इकडे फ्रेंच फरच्या व्यापारासाठी खडकावर लाकडी तटबंदी उभारत होते. दहा वर्षांच्या आत त्यांनी बस्तान हलवलं. आज माथ्यावर बांधकाम म्हणून काही दिसत नाही, फळ्यांच्या वाटेवरून फेरी मारायची.

गरुड खरंच दिसतात का?

डिसेंबर ते फेब्रुवारी, हो. उत्तरेकडची तळी-नद्या गोठल्या की बाल्ड ईगल दक्षिणेला सरकतात. इथे धरणाच्या खाली पाणी खळखळत असल्यामुळे गोठत नाही, आणि धरणातून गरगरत आलेले मासे आयते मिळतात. खडकासमोरच्या प्लम बेटावरच्या उंच झाडांवर ते रात्री बसतात. सकाळी लवकर या, दुर्बीण आणा. थंडी जितकी कडक तितके गरुड जास्त. ऊबदार जानेवारीत निराशा होते.

पांढरं डोकं नसलेला तपकिरी मोठा पक्षी दिसला तर नाक मुरडू नका. तो याच जातीचा तरुण पक्षी असतो, डोकं पांढरं व्हायला सुमारे पाच वर्षं लागतात.

मार्च-एप्रिलमध्ये पांढरे पेलिकन येतात, पंखांचा पसारा नऊ फुटांपर्यंत. गरुडांएवढी त्यांची जाहिरात नाही, पण थव्याने आकाशात गोल घिरट्या घालताना ते फार देखणे दिसतात.

हिवाळ्यात पायवाटा चालू असतात?

असतात. धबधबे गोठून निळसर खांब होतात. पण पायऱ्यांवर दाबलेला बर्फ काचेसारखा होतो, बुटांना मायक्रोस्पाइक्स (बर्फात रुतणारे छोटे खिळे) लावल्याशिवाय जाऊ नका. गोठलेल्या धबधब्याच्या थेट खाली किंवा मागे उभं राहून फोटो काढणं टाळा. त्याचे तुकडे सुटतात. डिसेंबरात साडेचारलाच सूर्य मावळतो आणि सूर्यास्तानंतर पायवाटांवर थांबता येत नाही.

जेवणाचं काय?

डबा न्या. लॉजमध्ये रेस्टॉरंट आहे, पण शाकाहाऱ्यांचे पर्याय मोजके आणि शनिवारी वाट बघावी लागते. व्हिजिटर सेंटरजवळच्या सपाट भागात पिकनिकची टेबलं आणि ग्रिल आहेत. कोळसा आणि काडेपेटी आणलीत तर कणसं भाजता येतात, वांगीही. लिंबू-तिखट-मीठ विसरू नका. दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या, दडपे पोहे असं गार खाता येणारं काहीही चालतं. दहीभात उन्हाळ्यात गाडीत ठेवू नका.

पिण्याचं पाणी पुरेसं घ्या आणि स्वच्छतागृह निघण्याआधीच आटपा. वाटेवर दोन्ही मिळत नाही. कचरा उचलून परत आणायचा. खरकटं झुडपात टाकलं की रॅकून येतात.

राहायचं असेल तर?

पार्कमधलं लॉज १९३० च्या दशकातलं. महामंदीच्या काळात बेरोजगार तरुणांना काम देणाऱ्या सिव्हिलियन कन्झर्व्हेशन कोअरने ते ओंडक्यांनी बांधलं. मधल्या दिवाणखान्यातली दगडी शेकोटी मुद्दाम बघण्यासारखी आहे. ऑक्टोबरसाठी कित्येक महिने आधी खोली बघा. तंबूची जागा वेगळी आहे आणि तिचंही आरक्षण ऑनलाइन करावं लागतं. आय-८० वर पेरू आणि ओटावा या गावांत साधी हॉटेलं मिळतात, बजेटमध्ये तेच बसतं.

मासे धरता येतात?

येतात, पण १६ वर्षं आणि वरच्यांना इलिनॉयचा परवाना लागतो. वॉलाय, सॉगर, व्हाइट बास, कॅटफिश हे इथले नेहमीचे. नदीत सिल्व्हर कार्पही आहे, आपल्याकडे शेततळ्यांत सोडतात तोच चंदेरा. १९७० च्या दशकात दक्षिणेकडच्या तलावांसाठी आणला, पुढे नद्यांत पसरला आणि आता इथल्या माशांचं अन्न खातोय. होडीचा आवाज झाला की पाण्याबाहेर उड्या मारतो. लोकांनी तो खावा म्हणून २०२२ मध्ये राज्याने त्याला ‘कोपी’ असं नवं नाव दिलं. काटे भरपूर, पण ज्यांना काटे काढून मासे खायची सवय आहे त्यांना त्याचं काय!

कपडे, बूट, किडे?

तळाला चांगली पकड असलेले, भिजले तरी चालतील असे बूट. साडी नको, चपला तर नकोच. मे ते ऑगस्ट पूर्ण पॅन्ट घाला आणि घरी आल्यावर गुडघ्यामागे, काखेत, केसांत गोचीड आहे का तपासा. हरणांवरच्या गोचिडींमुळे लाइम रोग होतो. तीन-तीन पानांचं झुडूप किंवा वेल दिसला तर हात लावू नका, पॉयझन आयव्ही असण्याची शक्यता दाट.

पार्किंग बंद झालं तर परत जायचं का?

मुळीच नाही. काही मैलांवर मॅथिसन स्टेट पार्क आहे. लासालच्या एका जस्त-कारखानदाराची ही खाजगी बाग होती, नंतर राज्याकडे आली. घळ एकच, पण लांब आणि दुमजली, मध्ये ४५ फुटांचा धबधबा. गर्दी निम्म्याहून कमी. नदीच्या पलीकडे बफेलो रॉक स्टेट पार्क आहे, तिथे खाणीच्या जुन्या जागेवर मातीचे प्रचंड प्राणी घडवलेले आहेत. ओटावा गावच्या चौकात १८५८ साली लिंकन आणि डग्लस यांचा पहिला वाद झाला होता, तिथे दोघांचे पुतळे आहेत आणि बसायला सावली.

कुत्रा? ड्रोन?

कुत्रा चालतो, पट्टा सोडायचा नाही. ड्रोन परवानगीशिवाय चालत नाही.

मोबाइलला रेंज असते?

माथ्यावर असते, घळीत जाते. निघण्याआधी नकाशा उतरवून घ्या किंवा व्हिजिटर सेंटरमधून कागदी नकाशा उचला. गटाने गेला असाल तर ‘चुकलो तर कुठे भेटायचं आणि किती वाजता’ हे गाडीतून उतरतानाच ठरवा. व्हिजिटर सेंटरचं दार ही खूण सगळ्यांच्या लक्षात राहते.